एकास पस्तीस

जरूडहून समुद्र किती लांब,
मी कधी मोजलं नाही.
बोअरचं विचाराल तर सांगतो:
आंडेंच्या मळ्यात आठशे चाळीस फूट,
आणि तिथेही हाताला लागते
ती नुसती ओल.

दिवसभर मी जळालेल्या मोटारी उघडतो.
सबमर्सिबल, चार इंची, लांबट,
अंधाऱ्या पाण्यात उभ्या राहून राहून मेलेल्या.
जुनं तांबं काढतो, नवं भरतो, वॉर्निश पाजतो.
रात्री शटर अर्धं ओढून
त्याच टेबलावर दुसरीकडे बुडी मारतो.

नकाशा नागपूरच्या रद्दीतला.
चार माणसांची पाणबुडी, दुसऱ्या महायुद्धातली,
एवढीशी, की मोठी पाणबुडी तिला
दोरानं ओढत न्यायची, वासरासारखी.
कागदाची घडी नेमकी मधल्या खोलीवर.
तिथल्या दोन रेघा घडीनं खाल्ल्या.
तीन महिने मी त्या दोन रेघांपाशी अडलो.

अंग दोन इंची पीव्हीसीचं, कुणाच्या तरी ठिबकातून उरलेलं.
फासळ्या संत्र्याच्या पेटीच्या,
घासताना अजून वास येतो.
पेरिस्कोप म्हणजे गुरांच्या डॉक्टरची मोडकी सुई.
पंखा वॉर्निशच्या डब्याच्या पत्र्याचा,
सात कापले, सातवा फिरला.
रिव्हेट म्हणजे फेव्हिकॉलचे थेंब, टाचणीच्या टोकानं,
एका बाजूला सहाशे बारा.
दुसऱ्या बाजूचे मोजले नाहीत,
त्या रात्री लाइट गेली.

निकेश विचारतो, "काका, पाण्यात चालन का हे?"
"नाही."
"मंग कायले करून राहिले?"
मी म्हटलं, पॉलिश पेपर दे,
चारशे नंबरचा.

एकास पस्तीस म्हणजे
माणूस करंगळीएवढा.
एम-सीलचे तीन केले.
एक सुकाणूशी, मान वाकवून.
एक बॅटऱ्यांवरच्या फळीवर, पालथा झोपलेला.
एक घड्याळाकडे बघतोय.
शालूनं भिंग धरलं, बराच वेळ.
"चौथा?"
चौथा बाहेर गेलाय, मी म्हटलं.
मधल्या खोलीत तो पाणी भरून घेतो,
ते डोक्यावरून जाईपर्यंत उभा राहतो,
मग वरचं झाकण उघडून निघतो
शत्रूचं जाळं कापायला.
"आन् परत?"
नकाशात तेवढं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर
नखाएवढा लुगड्याचा तुकडा, निळा.
"त्या झोपेल माणसावर टाकजा,
गार लागत असन तिथं."

तेव्हा कळलं त्या रेघा कशाच्या होत्या.
दाराच्या.
फक्त कडी कोणत्या बाजूला
ते कळेना:
आतल्या तिघांच्या हातात,
की बाहेरच्या एकट्याच्या?
मी दोन्हीकडे लावली.
जाणकार चूक काढतील. काढू देत.

मग वरचं अर्धं अंग चिकटवून टाकलं.
मोहरीएवढी किटली, तिचा धूर बसलेला कोपरा,
निळं पांघरूण,
यातलं आता कुणालाच दिसणार नाही.
बाहेरून काळी. सायलेन्सरचा रंग, दोन हात.

गेल्या आठवड्यात आंडेंची मोटार तुटून खाली बसली.
दोरी, हूक, पाच माणसं, दुपार.
जनरेटर बंद करायला लावला मी
आणि केसिंगला कान लावला.
खूप खाली हूक कशाला तरी लागला.
एकदा. हलकेच.
"ओढायची का?"
थांबा म्हटलं,
आणि पान्यानं पाइपावर दोनदा ठोकलं.
सगळे एकमेकांकडे बघायला लागले.
निकेश हसला,
मग तोही गुडघ्यावर बसला
आणि दुसऱ्या बाजूनं कान लावला.